घाटाच्या वळणात गाडीचं नाक बाहेर का जातं? मागचं सस्पेन्शन बदलण्याआधी हे समजून घ्या

बेळगावहून गोव्याला निघालं की जांबोटी, कणकुंबीपर्यंत रस्ता तसा निवांत असतो. खरी परीक्षा पुढे चोर्ला घाटात सुरू होते. वळण येतं, चालक स्टिअरिंग फिरवतो, गाडी वळू लागते. पण वेग जरा जास्त असला तर जेवढं स्टिअरिंग फिरवलं तेवढी ती वळत नाही. नाक बाहेरच्या कडेला सरकत राहतं, पुढची टायरं कुरकुरतात आणि स्टिअरिंग आणखी फिरवूनही फरक पडत नाही. आंबोलीत, तिलारीत, अनमोडमध्ये हाच अनुभव. इंदूरकरांना तो सिमरोळच्या भेरूघाटात येतो, हैदराबादकरांना श्रीशैलमच्या रस्त्यावर आणि वडोदऱ्याच्या मंडळींना सापुताऱ्याला जाताना.

याला अंडरस्टीअर म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅक गाड्या फ्रंट व्हील ड्राइव्ह आहेत, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, आणि अशा गाड्यांचा हा जन्मजात स्वभाव आहे. त्यावरचा उपाय म्हणून गाडीवेड्या तरुणांत गेली काही वर्षं एक गोष्ट लोकप्रिय झाली आहे: मागचं सस्पेन्शन कडक करायचं. मागे जाड अँटी-रोल बार टाका, कडक स्प्रिंग टाका, गाडी रुळावरून चालल्यासारखी वळेल, असं सांगितलं जातं. यात तथ्य आहे. गाडी खरोखर जास्त वळते. पण ती का वळते आणि त्याची किंमत कुठे मोजावी लागते, हे सांगणारे कमी भेटतात. पावसाळ्यात घाट उतरताना तीच गोष्ट जिवावर बेतू शकते.

पुढच्या टायरांवर सगळा बोजा

हॅचबॅकचं इंजिन, गिअरबॉक्स, क्लच, रेडिएटर, बॅटरी सगळं पुढे. त्यामुळे गाडीत एकटा चालक असेल तर एकूण वजनाचा साठ टक्के किंवा त्याहून थोडा जास्त भाग पुढच्या दोन टायरांवर असतो. वर गाडी ओढायची तीही पुढच्यांनीच, वळवायची तीही त्यांनीच, आणि ब्रेकचा बराचसा भारही त्यांच्यावरच. मागची चाकं त्या मानाने पाहुण्यासारखी मागून येतात.

टायरची पकड ही खिशातल्या पैशांसारखी मर्यादित असते. चढावर वळताना ॲक्सिलरेटर दाबला की त्यातली काही पकड ओढण्यात खर्च होते आणि वळण्यासाठी कमी उरते. म्हणून नाक बाहेर जातं.

मग कंपन्या हे दुरुस्त का करत नाहीत? कारण त्यांनी ते मुद्दाम ठेवलेलं असतं. सामान्य माणूस वळणात घाबरला की पहिली गोष्ट काय करतो? ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो. अंडरस्टीअर करणाऱ्या गाडीत पाय काढला की वजन पुढे येतं, पुढच्या टायरांना पकड मिळते आणि नाक परत आत येतं. चूक पोटात घालणारा हा स्वभाव आहे. याउलट मागचा भाग बाहेर फेकला गेला, म्हणजे ओव्हरस्टीअर झालं, तर ते सावरायला सराव लागतो. आणि गाडी विकत घेणाऱ्यांतले बहुतेक लोक असा सराव केलेले नसतात. त्यात गाडी कधी एकट्या माणसाला घेऊन जाते, तर कधी पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन. कधी नव्या टायरांवर, कधी गुळगुळीत झालेल्या. या सगळ्या परिस्थितीत मागचा भाग जागेवर राहावा म्हणून कंपनी थोडा अंडरस्टीअर राखून ठेवते.

मागे काय असतं?

स्विफ्ट, बलेनो, आय ट्वेंटी, अल्ट्रोझ, टियागो, आणि चाकणला तयार होणारी, २०२२ मध्ये बंद झालेली पोलो, या सगळ्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट आणि मागे टॉर्शन बीम असतो. गाडी रॅम्पवर चढवली की तो लगेच दिसतो: दोन्ही मागच्या चाकांकडे जाणारे दोन लोखंडी हात आणि त्यांना जोडणारी मधली आडवी तुळई. ही तुळई बंद पाइपसारखी नसते. तिचा छेद उघडा, इंग्रजी व्ही किंवा यू अक्षरासारखा असतो. त्यामुळे ती वाकायला कठीण पण पिळायला मऊ असते. हीच यातली खरी गंमत. दोन्ही चाकं एकदम खड्ड्यात गेली तर तुळई पिळली जात नाही, नुसती वर-खाली होते. एकच चाक उचललं गेलं किंवा वळणात गाडी एका बाजूला झुकली, तर मात्र ती पिळली जाते आणि त्या झुकण्याला विरोध करते. म्हणजे टॉर्शन बीम हा स्वतःच एक प्रकारचा अँटी-रोल बार आहे.

ही रचना फोक्सवागनने १९७४ मध्ये पहिल्या गोल्फमध्ये आणि शिरोकोमध्ये आणली. सुटे भाग कमी, जागा कमी, डिकी मोठी, खर्च कमी. पन्नास वर्षं झाली तरी छोट्या गाड्यांत तिला तोड सापडलेली नाही. काही मोटारप्रेमी तिला ‘स्वस्तातली’ म्हणून नाक मुरडतात. पण जिच्या मजेदार वळण्याची अजून आठवण काढली जाते ती पहिली गोल्फ जीटीआय याच टॉर्शन बीमवर पळत होती. शर्यतीतले तिचे फोटो पाहा: वळणात आतलं मागचं चाक चक्क हवेत. कुत्रा खांबापाशी पाय वर करतो तसं.

ते चाक हवेत का जातं, हे कळलं की मागच्या सस्पेन्शनचं सगळं गणित कळतं.

मागचा बार पकड देत नाही

वळणात गाडीचं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातं. किती जातं हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरतं. मागे बार टाकल्याने हा आकडा बदलत नाही. बदलते ती वाटणी: पुढच्या जोडीने त्यातला किती भार सोसायचा आणि मागच्या जोडीने किती.

एक सोपं उदाहरण घेऊ. चालकासह १,००० किलोची गाडी. पुढे ६२० किलो, म्हणजे प्रत्येक चाकावर ३१०. मागे ३८०, म्हणजे प्रत्येकी १९०. बऱ्यापैकी जोरात वळताना समजा १८० किलो आतून बाहेर गेले. मूळ गाडीत त्यातले १०० पुढे आणि ८० मागे वाटले गेले, तर पुढचं बाहेरचं चाक ४१० किलो पेलतं आणि आतलं २१०. मागे बाहेरचं २७०, आतलं ११०.

आता मागे बार टाकला. मागचा भाग झुकायला जास्त विरोध करू लागला, म्हणून भाराची वाटणी उलटी झाली: ८० पुढे, १०० मागे. पुढचं बाहेरचं चाक आता ३९० पेलतं आणि आतलं २३०. मागे बाहेरचं २९०, आतलं ९०. एकूण बेरीज तीच, १,०००.

मग फायदा कुठे झाला? टायरचा एक स्वभाव आहे. त्याच्यावरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. मार्केट यार्डात चार पोती दोन हमालांनी दोन-दोन उचलली तर काम नीट होतं; एकाला तीन आणि दुसऱ्याला एक दिलं की पोती तेवढीच, पण तीनवाला दमतो आणि एकंदर काम कमी होतं. टायरांचंही तसंच. जोडीतल्या दोन टायरांवर भार जितका सारखा, तितकी त्या जोडीची एकूण पकड जास्त. बारमुळे पुढच्या जोडीतला फरक २०० किलोवरून १६० वर आला, म्हणून पुढे पकड वाढली. मागच्या जोडीतला फरक १६० वरून २०० वर गेला, म्हणून मागे पकड घटली.

म्हणजे मागचा जाड बार गाडीला नवीन पकड देत नाही. तो मागच्या टायरांच्या खिशातून काढून पुढच्यांच्या हातात ठेवतो. मूळ गाडीत मागे थोडी शिल्लक पडून असते म्हणून कोरड्या रस्त्यावर हा व्यवहार फायद्याचा ठरतो. ती शिल्लक संपली की मात्र तोटा सुरू होतो.

याचा आणखी एक खरा उपयोग चढावर दिसतो. दुसऱ्या गिअरमध्ये हेअरपिन चढताना पुढचं आतलं चाक हलकं होऊन जागेवरच फिरतं. साध्या डिफरन्शियलमुळे ताकद तिकडेच वाया जाते. बारमुळे त्या आतल्या चाकावर वीसेक किलो जास्त राहिले तर ते रस्ता धरतं. रॅलीत धावणाऱ्या हॅचबॅकमध्ये मागचा भाग कडक ठेवण्यामागे हेही एक कारण असतं.

घाट उतरताना काय होतं

आता तीच गाडी कणकुंबीहून साखळीच्या बाजूला उतरते आहे असं समजा. उतारामुळे वजन आधीच पुढे सरकलेलं. वळणात शिरल्यावर समोर ट्रक दिसला, चालकाने दचकून ॲक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेकला पाय लावला. आणखी वजन पुढे. वरच्या उदाहरणात मागच्या आतल्या चाकावर ९० किलो उरले होते. तेही आता कमी झाले. पुढच्या टायरांना अचानक भरपूर पकड, मागच्यांना जेमतेम. मागचा भाग निसटतो. याला लिफ्ट-ऑफ ओव्हरस्टीअर म्हणतात. १९८४ मध्ये आलेली प्युजो २०५ जीटीआय ही चालवायला अफलातून गाडी म्हणून गाजली आणि वळणात पाय काढला की मागून फिरते म्हणूनही तितकीच गाजली.

कोरड्या डांबरावर हे व्हायला बराच वेग लागतो. पावसाळ्यात लागत नाही. जून ते सप्टेंबर चोर्ल्यात, आंबोलीत पाऊस, धुकं, रस्त्यावर वाहून आलेली तांबडी माती, सडलेली पानं, कुठे ट्रकचं सांडलेलं डिझेल. अशा ठिकाणी टायरची मुळातली पकडच निम्म्यावर येऊ शकते. मूळ गाडीने इथे नाक थोडं बाहेर नेऊन इशारा दिला असता. कडक केलेली गाडी इशारा न देता मागून सुटते. कोरड्या रस्त्यावर मजा वाटणारा फरक ओल्या रस्त्यावर दरीच्या बाजूला वाटत नाही.

सुटलीच, तर ब्रेक दाबणं हा सर्वांत वाईट उपाय. जिकडे जायचं तिकडे नजर आणि स्टिअरिंग ठेवायचं, आणि पुढच्या चाकांनी गाडी ओढावी म्हणून ॲक्सिलरेटर हलकाच धरायचा. कागदावर हे सोपं आहे. तिलारीच्या उतारावर मन उलटंच सांगतं.

ज्या गाड्यांत ईएसपी आहे, तिथे ती यंत्रणा एकेका चाकाचा ब्रेक लावून गाडी सावरते. २०२४ मध्ये आलेल्या नव्या स्विफ्टमध्ये ती सगळ्याच मॉडेलांत दिली आहे. पण तिचं गणित कंपनीच्या मूळ सस्पेन्शनवर बसवलेलं असतं. सस्पेन्शन बदललं म्हणून ती बंद पडत नाही. पण ज्या गाडीसाठी तिला शिकवलं, ती गाडी आता उरलेली नसते.

नकळत केलेले बदल

गंमत अशी की ‘आम्ही गाडीला हात लावलेला नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी लोकांनी मागचं सस्पेन्शन कडक करून टाकलेलं असतं. डिकीत सामान भरलं की गाडी मागे बसते, खाली घासते, म्हणून मागच्या स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये रबराचे किंवा सिलिकॉनचे बफर बसवतात. ॲक्सेसरीच्या दुकानात ते सहज मिळतात आणि अर्ध्या तासात बसतात. त्यांनी गाडी बसत नाही हे खरं. पण स्प्रिंगचे काही वेढे काम करेनासे झाले की उरलेली स्प्रिंग कडक होते, आणि मागची स्प्रिंग कडक होणं म्हणजे वळणाच्या हिशेबात मागे बार टाकण्यासारखंच. सुट्टीत पाच जण गोव्याला गेले तेव्हा बफर लावले आणि नंतर काढायचे राहून गेले. रिकामी गाडी घेऊन एकटा माणूस पावसात घाट उतरतो तेव्हा त्याला कळत नाही की ही मागून उड्या का मारते.

दुसरा प्रकार टायरांचा. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये पुढची टायरं लवकर झिजतात. दोनच नवीन घ्यायची असली की दुकानदार ती पुढे टाकतो आणि झिजलेली मागे ठेवतो. ‘ताकद पुढे आहे ना साहेब,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. टायर कंपन्यांचा सल्ला याच्या उलट आहे: नवी जोडी मागे टाका. कारण पाण्यावर पुढची टायरं सरकली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की ताब्यात येते. मागची सरकली तर गाडी फिरते. मागे गुळगुळीत टायर आणि वर बफर किंवा जाड बार, हे पावसातलं सर्वांत वाईट जोडकाम.

खर्च करायचाच तर आधी कुठे?

घाटात गाडी नीट वळत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक गाड्यांत बार टाकण्याची वेळच येऊ नये. पाच-सात वर्षं बेळगाव-गोवा करणाऱ्या गाडीचे मागचे शॉकअप अनेकदा मेलेले असतात. ते हळूहळू मरतात म्हणून रोजच्या चालकाला जाणवत नाही. शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओघळ, वळणातल्या उंचवट्यावर मागचा भाग बाजूला सरकणं, स्पीडब्रेकरनंतर दोन-तीन वेळा डुलणं, टायरवर ठिकठिकाणी खोलगट झीज, ही त्याची लक्षणं. शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत. एक नवा आणि एक जुना म्हणजे डावं-उजवं वळण वेगळं.

त्यानंतर मागच्या बीमचे बुश. बीम गाडीच्या बॉडीला दोनच ठिकाणी, दोन मोठ्या रबरी बुशांतून जोडलेला असतो. वळणात बाजूने जोर आला की ही रबरं दबतात आणि अख्खा बीम किंचित तिरका होतो, म्हणजे मागची चाकं स्वतःच थोडी वळतात, आणि तेही नको त्या दिशेला. फोक्सवागनने ऐंशीच्या दशकात यासाठी खास तिरपे बुश काढले, म्हणजे दाब आला की बीम त्या दिशेला फिरणार नाही. बुश चिरले असतील तर सरळ रस्त्यावरही मागचा भाग तरंगल्यासारखा वाटतो. इथे एक सावधगिरी: रबराऐवजी कडक पॉलियुरेथेनचे बुश सर्रास विकले जातात. पुढच्या काही जागी ते ठीक. पण बीमच्या बुशला फिरायचंही असतं आणि ठरलेल्या दिशेने दबायचंही असतं. कुठलाही कडक तुकडा तिथे कोंबला तर बीम अडखळतो.

मग अलाइनमेंट. टॉर्शन बीमच्या बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांचा टो बदलायला बोल्ट नसतो, म्हणून दुकानदार मागचे आकडे बघतही नाहीत. पण कडेला आपटून बीम वाकला असेल तर ते मशीनवर दिसतं. चारही चाकांचा छापील रिपोर्ट मागून घ्यावा. मागच्या चाकांच्या पुढच्या कडा बाहेरच्या बाजूला उघडलेल्या दिसल्या तर गाडी घाटात अस्थिर राहणारच. थोडा फरक असेल तर चाकाचा स्टब आणि बीम यांच्यात पातळ शिम घालून तो सुधारता येतो. जास्त असेल तर बीमच बदलावा लागतो.

टायरमधली हवा तर फुकटची. चालकाच्या दारापाशी खांबावर स्टिकर असतो, त्यावर कमी माणसांसाठी आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळे आकडे दिलेले असतात. पूर्ण भरलेल्या गाडीत बहुधा मागे जास्त हवा सांगितलेली असते. तो स्टिकर वाचलेला माणूस शोधावा लागतो.

चांगली टायरं, जिवंत शॉकअप, शाबूत बुश आणि सरळ चाकं एवढं झाल्यावर पुढे-मागे दोन्हीकडे पकड वाढते. कुणाच्या खिशातून काढावी लागत नाही. बहुतेकांचं समाधान इथेच होतं.

तरीही बार टाकायचा असेल

काहींचं होत नाही, आणि त्यातही गैर काही नाही. गाडी मनासारखी वळावी ही हौस आहे. अशा वेळी आकड्यांकडे नीट पाहावं. सळईचा पिळाला होणारा विरोध तिच्या व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. १८ मिलिमीटरच्या जागी २० ची सळई म्हणजे दोनच मिलिमीटरचा फरक, पण कडकपणा दीडपट. २२ ची असेल तर सव्वादोनपट. म्हणून ‘सर्वांत जाड द्या’ हा मागण्याचा प्रकार नव्हे. रोजच्या वापराच्या गाडीला सौम्य बार, आणि शक्यतो ज्याच्या टोकाला दोन-तीन भोकं असून कडकपणा कमी-जास्त करता येतो असा. सुरुवात सर्वांत मऊ भोकापासून.

टॉर्शन बीमच्या गाडीत असा बार बहुधा दोन्ही हातांना बोल्टने कसला जातो किंवा तुळईच्या पोटात बसतो. बोल्टने बसणारा पत्करला. वेल्डिंगने मात्र नको. तुळई हजारो किलोमीटर सतत पिळली जात असते. तिच्यावर वेल्डिंगचा ठिपका पडला की तिथून चीर सुरू होऊ शकते.

बेळगावात हा मोह जास्त आहे, कारण उद्यमबागेत मागाल ते मशीनवर करून मिळतं. कारागिरी उत्तमच आहे. पण प्रश्न लोखंडाचा आहे. साध्या माइल्ड स्टीलची सळई आणि स्प्रिंग स्टीलची सळई पिळायला जवळपास सारखीच कडक असते. त्यामुळे साध्या सळईचा बार पहिले काही दिवस अगदी महागड्या बारसारखाच काम करतो. मग एखाद्या मोठ्या खड्ड्यात ती मर्यादेपलीकडे पिळली जाते आणि तशीच वाकडी राहते, कारण परत सरळ होण्याची ताकद तिच्यात नसते. गाडी एका अंगाला झुकलेली राहते, किंवा सळई तुटते. स्प्रिंग स्टीलला योग्य उष्णतेची प्रक्रिया लागते. ती केलेली नसेल तर नुसता आकार बरोबर असून उपयोग नाही.

स्प्रिंग कापण्याबद्दल थोडक्यात: कापू नये. वेढा कापला की स्प्रिंग कडक होते आणि आखूडही होते. चाक खड्ड्यात लोंबलं की ती बैठकीतून सैल होऊन सटकू शकते. गाडी खाली बसल्याने शॉकअपची धाव संपते आणि बॉडी रबरी थांब्यावर आपटते. भर वळणात मागचं सस्पेन्शन त्या थांब्याला टेकलं की ते एका क्षणात दगडासारखं कडक होतं, आणि पुढचं वर आलंच आहे: मागची पकड गेली. आंबोलीच्या रस्त्यावर खड्डे काही कमी नाहीत. गाडी खाली करायचीच असेल तर त्या मॉडेलसाठी बनवलेली स्प्रिंग आणि तिला जुळणारे शॉकअप, दोन्ही एकत्र घ्यावेत.

बार किंवा स्प्रिंग बसवल्यावर पहिली चाचणी घाटात घेऊ नये. मोकळं मैदान किंवा रहदारी नसलेली रुंद जागा बघून आधी कमी वेगात, मग थोडं वाढवत, वळताना पाय काढून पाहावं की मागचा भाग काय करतो. जमल्यास जमीन ओली असतानाही. तिथे मागचा भाग सहज निसटत असेल तर बार एक भोक मऊ करावा किंवा काढून ठेवावा. काही दिवसांनी बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासून घ्यावेत.

कागदपत्रांचं काय?

पाटी केए-२२ असो, जीए असो, एमएच, एमपी-०९ वा जीजे-०६, मोटार वाहन कायदा सगळीकडे केंद्राचाच आहे. १९८८ च्या या कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीतला तपशील जुळणार नाही असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीतून कलम १८२ अ आलं. त्यानुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आरसीवर बारची जाडी लिहिलेली नसते, म्हणून ‘यात बदल कसला’ असा युक्तिवाद गॅरेजमध्ये ऐकू येतो. नाक्यावरचा पोलीस वाकून बीम बघेल अशी शक्यताही कमीच. खरी अडचण अपघातानंतर येते, जेव्हा विमा कंपनीचा सर्व्हेअर गाडीखाली टॉर्च मारतो. मूळ मापाचा शॉकअप, बुश, स्प्रिंग बदलणं ही दुरुस्ती आहे आणि तिला कुणाची हरकत नाही. जाड बार, खाली केलेल्या स्प्रिंग हा बदल आहे. तो करण्याआधी आपल्या आरटीओत विचारणा करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवून त्यांचं उत्तर जपून ठेवावं. तोंडी ‘चालतंय हो’ क्लेमच्या वेळी कुणालाच आठवत नाही.

आणि मागच्या स्प्रिंगमध्ये गेल्या मे महिन्यात घातलेले बफर अजून तसेच असतील, तर ते काढायला गॅरेजवाल्याला अर्धा तास पुरतो.